वाकळीचे चौकोन जुळवताना

कराड-पाटण भागात जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणाऱ्या बायका फूटपट्टी हातात धरत नाहीत, तरी त्यांची वाकळ सपाट बसते. याचं कारण शिवण्याच्या रीतीत आहे. खाली लुगड्यांचे थर अंथरलेले असतात. त्यावर ठिगळ ठेवायचं, त्याची कडा आत दुमडायची आणि धावदोरा घालून सगळ्या थरांसकट ते एकदमच शिवायचं. सुरुवात काठाकडून होते आणि फेरे आत आत येत जातात. एखादं ठिगळ बोटभर कमी पडलं तर शेजारचं थोडं पुढे सरकतं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, तीही अशीच काठाकडून आत येते.

रंगीत चौकोनांची नक्षीदार गोधडी मात्र वेगळी. तिच्यात तुकडा थेट तुकड्याला जोडतात. खाली आधाराचं कापड नसतं, त्यामुळे एका शिवणीतली चूक पुढच्या शिवणीत जाते. म्हणून ज्यांचा हात वाकळीवर बसलेला आहे, त्यांनाही इथे माप शिकावं लागतं.

साधा नऊ तुकड्यांचा चौकोन घेऊ. तयार चौकोन 12 इंचांचा हवा असेल, तर प्रत्येक तुकडा शिवल्यावर 4 इंच दिसला पाहिजे. चारही बाजूंना पाव इंच शिवणीत जातं, म्हणून कापायचा साडेचार इंच. पाव इंच म्हणजे 2 सूत. असे आडवे 5 आणि उभे 7 चौकोन जोडले की 5 फूट बाय 7 फुटांची गोधडी होते. आता समजा, शिवणीत 2 सुतांऐवजी अडीच सूत गेलं. शिवणीत दोन्ही तुकड्यांचं अर्धा-अर्धा सूत जास्त जातं, म्हणजे एका शिवणीमागे 1 सूत गेलं. रुंदीत 15 तुकडे आणि 14 शिवणी आहेत, तर गोधडी पावणेदोन इंचांनी आखूड होते. लांबीत 20 शिवणी आहेत, तिथे अडीच इंच जातात. सगळेच चौकोन सारखे चुकले तर गोधडी नुसती लहान होते. पण एक चौकोन नऊ तुकड्यांचा आणि शेजारचा अखंड असेल, तर दोघांच्या कडा जुळतच नाहीत आणि कापड ओढून जुळवावं लागतं. चुण्या पडतात त्या तिथेच.

शिवणीचं माप आधी तपासून घ्या. दीड इंच रुंदीच्या 3 पट्ट्या एकमेकींना जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर 1 इंच भरली पाहिजे. कमी भरली तर शिवण एक दोरा कडेच्या जवळ घ्या, कारण कापड उलटताना घडीतही थोडी जागा जाते. नेमकी जागा सापडली की मशीनच्या पाट्यावर सुईपासून तेवढ्या अंतरावर जाड चिकटपट्टी लावा आणि कापडाची कडा तिला टेकवून टीप मारा. टीप बारीक ठेवा. घटस्थापनेआधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघतात, तेव्हा भिजलेल्या गोधडीचं वजन आणि आपटण्याचा मार याच टाक्यांवर येतो.

कापडाबद्दल माझं मत ठाम आहे: धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं आणि दुकानातलं कोरं कापड एका चौकोनात घालू नये. लुगडं आटायचं तेवढं केव्हाच आटलेलं असतं, कोरं पहिल्या धुण्याला आटतं आणि शेजारच्याला ओढतं. नवीन सुती पॉपलिन घ्यायचं तर रात्रभर भिजवून, वाळवून मगच कापा. लाल आणि डाळिंबी रंगाचा तुकडा पांढऱ्या फडक्यावर ओला करून चोळा. डाग उतरला तर तो पांढऱ्याशेजारी नको. शिंप्याकडच्या कातरणात कापडाचा उभा-आडवा धागा कळत नाही, म्हणून कडेची एक दशी ओढून काढा आणि त्या रेषेवर फूटपट्टी ठेवा. मापाची टेप वापरून वापरून ताणली जाते. इथे स्टीलची पट्टी हवी, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच हवी. खणाच्या दशा लवकर सुटतात. त्याला भाताच्या पेजेची पातळ खळ देऊन इस्त्री केली की तो कागदासारखा कापता येतो.

त्रिकोणाची नक्षी सगळ्यांना आवडते आणि तीच जास्त बिघडते. त्रिकोणाची लांब बाजू तिरकस, म्हणजे शिंपी ज्याला क्रॉस म्हणतात तशी कापलेली असते आणि ती हात लागला तरी ताणते. उपाय असा की त्रिकोण कापून शिवूच नयेत. दोन रंगांचे 5 इंचांचे चौकोन सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर घाला. खडूने कर्णरेषा आखा, तिच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर टीप मारा आणि मग रेषेवर कापा. शिवण आधीच बसलेली असल्याने तिरकस कड ताणायला मोकळी राहत नाही. अशा कापण्यातून दोन दुरंगी चौकोन मिळतात. ते साडेचार इंचांना छाटून घ्यायचे. हिशेबाने पाच इंचाला 1 सूत कमी घेतलं तरी पुरतं, पण ते सूतभर जास्तीचं कापड छाटायला फार उपयोगी पडतं.

इस्त्री दाबायची, फिरवायची नाही; फिरवली की कापड लांबतं. पहिल्या ओळीच्या शिवणी उजवीकडे दाबा, दुसरीच्या डावीकडे, तिसरीच्या पुन्हा उजवीकडे. ओळी जोडताना शिवणींचे उंचवटे एकमेकांत अडकतात आणि चार तुकड्यांचे कोपरे एका बिंदूवर येतात. टाचणी त्या जोडावरच लावा.

वरचा भाग तयार झाला की खाली लुगड्यांचे थर येतात. इथे वाकळीची रीत उलटी करावी लागते. आधीच जोडलेल्या भागात काठाकडून आत शिवत गेलं, तर सगळा फुगवटा मध्ये साचतो. म्हणून आधी मधून काठाकडे कच्चे टाके घाला, मग हवा तसा धावदोरा.

आणि घाई करू नका. पहिला चौकोन पुरा शिवा, दाबा, मोजा. कडेची शिवण धरून तो साडेबारा इंच भरला, तरच उरलेल्या 34 चौकोनांच्या कापडाला कात्री लावा.