कोरड्या धान्याखालचा ओला माल
लिथियम सेलचा धंदा आणि दुकानदाराची जबाबदारी

आपल्या समाजातील कितीतरी तरुण आज मोबाईल दुरुस्ती, टॉर्च, चार्जर, छोटे पंखे यांच्या दुकानांवर घर चालवीत आहेत. हलाल रोजीचा हा चांगला मार्ग आहे. पण या धंद्यात रोज हाती येणाऱ्या एका वस्तूची पुरेशी माहिती पुष्कळ दुकानदारांना नसते, गिऱ्हाइकाला तर मुळीच नसते. ती वस्तू म्हणजे लिथियम-आयन सेल.

१९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने हा सेल प्रथम बाजारात आणला. त्याचा सर्वांत प्रचलित नमुना ‘१८६५०’ या नावाने ओळखला जातो. हे नाव म्हणजे मापच आहे : १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचे शून्य नळकांड्यासारख्या गोल आकाराचे. टॉर्च, पॉवर बँक, जुने लॅपटॉप यांत हाच सेल सापडतो. परदेशात विकल्या जाणाऱ्या, पुन्हा चार्ज होणाऱ्या अनेक ई-सिगारेटींतही हाच असतो.

ई-सिगारेटचे नाव आम्ही मुद्दाम घेतले. भारतात २०१९ च्या कायद्याने तिचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठा या सर्वांवर बंदी आहे. विक्रीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा आखातातून आलेल्या पाहुण्याने दिलेली असली, तरी ती दुकानात ठेवू नये. मात्र तिच्या अपघातांपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ साली एक अहवाल काढला. २००९ ते २०१६ या काळात बातम्यांतून पुढे आलेल्या १९५ आगी व स्फोटांची त्यात नोंद आहे. त्यांत १३३ दुखापती झाल्या. यांपैकी ६१ घटना उपकरण किंवा सुटा सेल खिशात असताना घडल्या.

खिशातच का? सेलच्या माथ्यावरचे बटण हे धन टोक. बाकीचे सारे धातूचे डबडे ऋण टोक. मधे आड असते ते फक्त वरची चकती आणि बाहेरचे पातळ प्लास्टिक वेष्टन. ते फाटले किंवा किल्ली-नाणी दोन्ही टोकांना टेकली, की शॉर्ट सर्किट होते. सेल तापतो, आतला केसापेक्षा पातळ पडदा निकामी होतो आणि ज्वलनशील द्रव पेट घेतो.

आता आपल्या बाजाराकडे वळू. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून सेल काढायचे, त्यांवर नवे चकचकीत वेष्टन चढवायचे आणि ‘९९०० एमएएच’ असे छापून विकायचे, हा प्रकार सर्रास चालतो. वस्तुतः बहुतेक १८६५० सेलची क्षमता सुमारे ३६०० एमएएचच्या पुढे जात नाही. म्हणजे छापलेला आकडाच खोटेपणाची साक्ष देतो. चांगल्या सेलचे वजन साधारण ४५ ग्रॅम असते. फारच हलका भरला तर समजून जावे.

धान्याच्या ढिगात खाली ओला माल दडवणाऱ्या व्यापाऱ्याला हुजूर (स.) यांनी कसे टोकले, ती हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो. नव्या वेष्टनातला जुना सेल हा आजचा ओला माल आहे. फरक इतकाच, की ओल्या धान्याने गिऱ्हाइकाचे पैसे जात. या मालाने त्याच्या घराला आग लागू शकते.

म्हणून दुकानदार बंधूंना आमचे सांगणे आहे. भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक असलेला माल बिलासह घ्या. वेष्टन फाटलेला, चेपलेला किंवा फुगलेला सेल विकू नका. पॅक बांधताना जुने-नवे सेल मिसळू नका. सेलवर थेट कैय्या टेकवून झाळ देऊ नका, निकेल पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावा. संरक्षक सर्किट वाचवून चार पैसे मिळवू नका. साध्या लिथियम-आयन सेलची पूर्ण चार्जिंग ४.२ व्होल्टला थांबली पाहिजे, तेव्हा त्याच जातीचा चार्जर द्या. निकामी सेलची टोके चिकटपट्टीने झाकून ते अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. कचऱ्यात किंवा भंगाराच्या पोत्यात टाकू नका.

गिऱ्हाइकालाही दोन शब्द सांगा : सुटा सेल प्लास्टिकच्या डबीत ठेव, उशीखाली किंवा गादीवर चार्ज करू नकोस, उन्हात उभ्या गाडीत सोडू नकोस. उमऱ्याला जाणाऱ्यांनी पॉवर बँक सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावी. विमान कंपन्यांचा तसा नियमच आहे. छोटा सेल पेटलाच, तर आधी माणसे दूर करावीत, मुख्य वीज बंद करावी आणि सुरक्षित अंतरावरून भरपूर पाणी मारावे. आग वाढली तर १०१ ला फोन करावा.

एवढे सांगायला दोन मिनिटे लागतात. त्या दोन मिनिटांत एखादे घर वाचते आणि दुकानाचा विश्वास वाढतो. खोट्या आकड्याचा सेल आज खपेल, पण गिऱ्हाईक उद्या परत येणार नाही. बरकत खऱ्या मालातच आहे.