या वयात केस किती लांब?

साठीच्या आसपासच्या बाईला केसांवरून दोन वाक्यं हमखास ऐकावी लागतात. केस लांब असतील तर ‘या वयात एवढं सांभाळायचं कशाला?’ आणि पार्लरमध्ये जाऊन मानेपर्यंत कापून आली तर ‘या वयात हे काय सुचलं?’ वय तेच, आणि त्याच वयाचा दाखला देऊन दोन उलट गोष्टी सांगितल्या जातात. सून, मुलगी, शेजारीण, पार्लरवाली, प्रत्येकीचं मत तयार असतं. वयाबरोबर केसांत खरोखर काही बदल होतात. पण नेमके तेच सोडून बाकी सगळ्याची चर्चा होते.

‘पन्नाशीनंतर लांब केस शोभत नाहीत’

असा नियम शास्त्रात नाही आणि आपल्या रीतीतही नाही. लता मंगेशकरांनी दोन वेण्या उतारवयातही सोडल्या नाहीत, आणि त्या वेण्यांशिवाय त्यांची मूर्ती डोळ्यांसमोर येत नाही. नऊवारीतल्या कितीतरी आज्यांचा अंबाडा शेवटपर्यंत टिकला. तो विरळ झाला तर त्यात गंगावन घालायची पद्धत होतीच, आणि त्यात कुणाला काही कमीपणा वाटत नसे.

लांबी कमी होते, हे मात्र खरं. त्याचं कारण मुळाशी असतं. डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. प्रत्येक केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग थांबतो, तीनेक महिने तसाच राहून गळतो आणि त्याच मुळातून नवा निघतो. महिन्याला वाढ होते साधारण १ सेंटिमीटर. म्हणजे वाढीचा काळ ६ वर्षांचा असेल तर केस कमरेच्या आसपास पोचतो, आणि तोच काळ ३ वर्षांवर आला तर खांद्याच्या जरासा खाली थांबतो. पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन उतरतं, वाढीचा हा काळ आखडतो आणि नवा येणारा केस आधीपेक्षा बारीक निघतो. डोक्यातलं नैसर्गिक तेलही कमी होतं, त्यामुळे केस कोरडे होतात. पूर्वी मुठीत न मावणारा शेपटा करंगळीएवढा होतो, तो यामुळे. त्यात बाईची काही हयगय नसते.

तेव्हा लांबी ठरवताना जन्मतारखेकडे न बघता शेपट्याच्या टोकाकडे बघावं. वर दाट आणि खाली उंदराच्या शेपटीसारखं टोक झालं असेल तर ते खालचे चार-सहा इंच सरळ रेषेत कापले की उरलेले केस लगेच भरीव दिसतात. इथे पार्लरमध्ये बऱ्याचदा उलटं होतं. केस विरळ आहेत म्हणून भरपूर लेअर सुचवले जातात. विरळ केसांना फार लेअर दिले की टोकं आणखी झिरझिरीत होतात. लेअर हवेतच असतील तर माथ्यावर थोडे उचलले जातील इतपतच, आणि खालची कड मात्र एकसारखी ठेवायला सांगावी.

‘कापले की दाट येतात’ हे आजीपासून नातीपर्यंत सगळ्या जणी ऐकत आल्या आहेत. कात्री चालते ती केसाच्या निर्जीव भागावर. मुळाला त्याची खबरही नसते. कापल्यावर दुभंगलेली टोकं जातात, म्हणून दाट वाटतात, एवढंच.

‘बाईमाणसाने केस कापणं अशुभ’

हा समज घरातल्या मोठ्या बाईच्या बाबतीत जास्त तीव्र असतो. त्याच्या मागे एक क्रूर इतिहास आहे आणि तो माहीत असायला हवा. ब्राह्मण आणि इतर काही उच्च मानल्या गेलेल्या जातींत नवरा गेल्यावर बाईचं वपन करत. केस नसलेलं डोकं हीच तिच्या वैधव्याची खूण ठरवली गेली होती. समाजसुधारक आगरकरांनी आपल्या ‘सुधारक’ पत्रातून या रूढीवर कडाडून टीका केली. १८९० मध्ये कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनीच विधवांचे केस कापणार नाही असा निर्धार केला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवावा, ही महाराष्ट्राच्या इतिहासातली मला फार मोठी वाटणारी घटना आहे. हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी गावोगाव आणि थेट अमेरिकेपर्यंत जाऊन वर्गणी जमवणाऱ्या पार्वतीबाई आठवले स्वतः वपन झालेल्या विधवा होत्या. पुढे त्यांनी समाजाची बोलणी खाऊनही केस राखले.

म्हणजे त्या काळी केस वाढवणं हे बंड होतं. आज सत्तरीची एखादी बाई बॉबकट करते तेव्हा घरातले जे चपापतात, त्यांच्या मनात नकळत ती जुनी खूण जागी होत असावी असं मला वाटतं. पण दोन्हींतला फरक साधा आहे. वपन तिच्यावर लादलेलं होतं. बॉबकट तिने निवडलेला असतो. नवरा गेल्यानंतर वर्षभरात एखादीने केस कापले तर नातेवाइकांनी त्यात अर्थ शोधू नये. कदाचित इतकी वर्षं ‘यांना आवडत नाही’ म्हणून तिने ते कापले नसतील.

‘आखूड केस साडीवर जात नाहीत’ हा आणखी एक समज. इंदिरा गांधींचे आखूड केस, त्यातला तो पांढरा पट्टा आणि हातमागाची साडी हे सगळं एकत्र देशाने वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

केस कापण्याच्या भीतीचं सर्वांत दुःखद रूप म्हणजे जट. केस नीट विंचरले गेले नाहीत, त्यात तेल, धूळ आणि घाम बसत गेला की त्यांचा गुंता घट्ट होत जातो. मग घरातलं कुणीतरी सांगतं की देवीचं बोलावणं आलं, कापलीस तर कोप होईल. यल्लमाच्या नावाने कित्येक बायका ते ओझं वर्षानुवर्षं डोक्यावर वागवतात. त्यात उवा होतात, कातडीला जखमा होतात, मान आणि पाठ दुखते, एका कुशीवर झोपणंही अवघड होतं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते, विशेषतः पुण्याच्या नंदिनी जाधव, गावोगाव जाऊन बायकांची आणि घरच्यांची समजूत घालून जटा कापतात. त्यानंतर कुणावर कोप झालेला नाही. हलकं झालेलं डोकं हातांनी चाचपणाऱ्या या बायकांत म्हाताऱ्याही असतात.

‘आखूड केस म्हणजे कटकट नाही’

हा समज शहरी आणि नवा आहे, पण तोही तपासून घ्यायला हवा. आखूड केस धुवायला, वाळवायला सोपे, हे खरं. सर्दी-सांधेदुखीच्या बाईला ओले केस तास-दोन तास पाठीवर सोडून बसावं लागत नाही, हेही थोडं नाही. पण बॉयकट दर चार-सहा आठवड्यांनी नीट करून घ्यावा लागतो, नाहीतर मानेवर झिपऱ्या उतरतात. जवळ चांगलं पार्लर नसेल, किंवा तिथे न्यायला दुसऱ्याची वाट बघावी लागत असेल, तर हीच कटकट होऊन बसते. आखूड केस झोपेतून उठल्यावर वेडेवाकडे उभे राहतात आणि त्यांना बांधून टाकायची सोय नसते. सकाळी घाईत अंबाडा घालून मोकळं होण्याची सवय चाळीस वर्षांची असेल, तर ही अडचण आधीच लक्षात घ्यावी.

दुसऱ्या बाजूला हात आहेत. केसांचा विचार करताना खांद्याचा विचार कुणी करत नाही, पण माझ्या मते खरा निर्णय तिथेच होतो. वेणी घालायला दोन्ही हात डोक्यामागे नेऊन काही मिनिटं तसेच धरावे लागतात. खांदा आखडण्याचा त्रास, ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, प्रामुख्याने चाळीस ते साठ या वयात होतो, बायकांना जास्त होतो आणि मधुमेह असेल तर आणखी. बोटांचे सांधे सुजलेले असतील तर आकडे आणि चाप लावणंही जड जातं. मग वेणी घालून देण्यासाठी सुनेची सवड बघावी लागते. केस लांब ठेवायची हौस असेल आणि कुणी प्रेमाने वेणी घालून देत असेल तर जरूर ठेवावेत. पण रोज मिंधेपण वाटत असेल, तर खांद्याला टेकतील एवढे केस हा चांगला मधला मार्ग आहे. ते मागे गोळा करून एका हाताने मोठा क्लचर लावता येतो, सणाला छोटा अंबाडाही होतो आणि त्यावर गजराही माळता येतो.

अंबाड्याबद्दलही एक सांगायला हवं. ‘घट्ट बांधले की केस टिकतात’ असं समजून कपाळापासून ओढून बांधलेला अंबाडा किंवा पोनी वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली, की कपाळाच्या कडेचे आणि कानांवरचे केस मुळातून सैल होत जातात. सुरुवातीला सैल बांधायला लागलं तर ते परत येतात. फार वर्षं गेली तर येत नाहीत. अंबाड्याची जागा अधूनमधून बदलावी, आणि भांगही. शाळेत पाडलेला भांग सत्तरीपर्यंत तिथेच असतो. तो अर्धा इंच सरकवला तरी रुंद दिसणारी रेघ झाकली जाते.

‘वय झालं, केस जाणारच’

या वाक्याने बायकांचं सर्वांत जास्त नुकसान केलं आहे. दिवसाला ५० ते १०० केस गळणं नेहमीचं. पण केस अचानक मूठमूठ येऊ लागले तर दोन-तीन महिने मागे जाऊन आठवावं. डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन, घरातला मृत्यू, यांचा परिणाम केसांवर इतक्या उशिराने दिसतो आणि बहुतेकदा आपोआप भरून येतो. थायरॉइड बिघडणं, शरीरातलं लोह कमी होणं ही कारणं साध्या रक्ततपासणीत कळतात. कपाळाची रेषाच मागे सरकत असेल आणि सोबत भुवयाही विरळ होत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला उशीर करू नये. पाळी गेलेल्या बायकांत दिसणारा हा एक वेगळा आजार आहे, १९९४ मध्ये त्याचं प्रथम वर्णन झालं. त्यात गेलेले केस परत येत नाहीत, पण उरलेले बऱ्याचदा वाचवता येतात.

केसांच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांत बहुधा बायोटिन असतं. त्याची खरी कमतरता क्वचितच असते, पण ते जास्त घेतलं तर थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकतात. या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा.

आणि तेल? खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, असं रेले आणि मोहिले यांनी २००३ मध्ये दाखवलं. ते मुंबईत खोबरेल विकणाऱ्या कंपनीतच संशोधक होते, हेही सांगायला हवं. कोरड्या केसांना तेल जरूर लावावं. पण त्याने नवे केस उगवत नाहीत, आणि कोंडा असेल तर तेल थापून तो वाढतो.

पांढरे, काळे, मेंदीचे

एक पांढरा केस उपटला की चार येतात हे खोटं. एका मुळातून बहुधा एकच येतो, आणि तोही पांढराच. वारंवार उपटलं तर ते मूळच खराब होतं.

मेंदीचा रंग लालसर-केशरी असतो. नुसत्या मेंदीने केस काळे होत नाहीत. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत बहुधा पीपीडी हे रसायन असतं, जे नेहमीच्या कलपातही असतं. ‘मेंदीच आहे, काय होणार’ म्हणून बेफिकीर राहिलेल्या बायकांचे डोळे, कान आणि मान सुजून येतात. वीस वर्षं तोच कलप सोसला म्हणून पुढेही सोसेल असंही नाही. ही ॲलर्जी कधीही सुरू होते. दर वेळी ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून बघावा.

कलप कायमचा सोडायचा असेल तर लांबीचा हिशोब इथे उपयोगी पडतो. महिन्याला १ सेंटिमीटर धरला तर कमरेपर्यंतचे केस पूर्ण पांढरे व्हायला पाच-सहा वर्षं, खांद्यापर्यंतचे दोन-अडीच वर्षं आणि बॉयकटला सहा-आठ महिने. ज्यांना दुरंगी केस सहन होत नाहीत त्यांनी आधी आखूड करून, पांढरे झाल्यावर पुन्हा वाढवावेत.

पार्लरच्या खुर्चीत

कट ठरला, तरी एक गोष्ट उरते. केस धुताना मान मागे टाकून बेसिनच्या कडेवर टेकवतात. १९९३ मध्ये अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ मायकेल वाइनट्रॉब यांनी अशा धुण्यानंतर मेंदूचा रक्तपुरवठा बिघडलेल्या पाच बायकांची नोंद केली. मान फार मागे वाकली की मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवर ताण येतो. हे फार क्वचित घडतं. पण मानेचा स्पाँडिलोसिस, रक्तदाब किंवा चक्कर असलेल्या बाईने मानेखाली टॉवेलची जाड घडी मागावी आणि धुणं लवकर उरकायला सांगावं. गरगरलं किंवा अंधुक दिसलं तर तिथेच थांबवावं. बोलणं अडखळलं किंवा एक हात जड पडला तर घरी न जाता थेट हॉस्पिटल गाठावं. बेसिनवर धुण्यापेक्षा घरून केस धुऊनच जावं. कापण्यापुरते ओले करायला पार्लरमध्ये पाण्याचा फवारा असतोच.