दूरच्या सहकाऱ्याचं लिहिलेलं कोण वाचतं?

अर्धी टीम ऑफिसात आणि अर्धी घरी किंवा फिल्डवर असली, की संवाद सुधारण्यासाठी मीटिंगा वाढवल्या जातात. माझ्या मते दूरच्या माणसाने लिहिलेलं कुणीतरी नेमाने वाचावं आणि त्यावर त्याच्याशी बोलावं, हे त्याहून महत्त्वाचं आहे. गडचिरोलीत याचं भक्कम उदाहरण आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या आरोग्यदूत स्त्रिया बाळाचं वजन, तापमान, श्वास नोंदवत. डॉक्टर पंधरवड्याला गावात येऊन नोंदी तपासत, चुका समजावत. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तुलनेतल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी. श्रेय उपचारांचं आणि प्रशिक्षणाचं आहेच. पण डॉक्टर नसलेल्या घरात ते नीट पोहोचतात की नाही, हे या नोंदींतूनच कळत होतं.

आता व्हॉट्सअ‍ॅप आहे, मग हा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ताच बंद होतो, तिथे फोन हवाच. पण निळ्या खुणा दिसल्या म्हणजे निरोप समजला असं होत नाही. नोंदींचं ओझं होतं, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून वाचल्या जाणार नाहीत त्या नोंदी मागूच नयेत, आणि वाचणाऱ्याचा वेळ कामाच्या तासांत धरावा.