रस्त्याची रुंदी कोणाच्या वाट्याला?

मेनूथच्या मुख्य रस्त्याच्या पश्चिम टोकाला फिट्झजेराल्ड घराण्याच्या जुन्या किल्ल्याचे अवशेष आणि १७९५ साली स्थापन झालेले सेंट पॅट्रिक्स कॉलेज आहे. पूर्वेचे टोक कार्टन हाऊसकडे जाणाऱ्या वृक्षाच्छादित वाटेला मिळते. अठराव्या शतकात याच घराण्याने हा रुंद, सरळ रस्ता आखून घेतला. आज त्या रुंदीचा मोठा हिस्सा मोटारींनी व्यापला आहे. भारतातून मुलांकडे आलेले वयोवृद्ध आईवडील तो ओलांडताना थबकतात, तेव्हा प्रश्न उभा राहतो: सार्वजनिक जागेवर पहिला हक्क कोणाचा?

स्पेनच्या वायव्येकडील पोन्तेवेद्रा या सुमारे ८३ हजार वस्तीच्या शहराने या प्रश्नाचे नि:संदिग्ध उत्तर दिले. १९९९ मध्ये महापौर झालेले मिगेल आन्शो फर्नांडेस लोरेस यांनी जुन्या शहरातील सुमारे ३ लाख चौरस मीटर क्षेत्र पादचाऱ्यांसाठी मोकळे केले. पदपथ आणि रस्ता एकाच पातळीवर आणून तेथे ग्रॅनाइटची फरसबंदी केली. पायरीच उरली नसल्याने चाकाची खुर्ची, बाबागाडी आणि काठी यांचा मार्ग सुकर झाला. मालवाहतूक, रहिवासी आणि आपत्कालीन वाहनांना प्रवेश राहिला. केवळ शहर ओलांडण्यासाठी किंवा गाडी लावायला जागा शोधत फिरणारी वाहने बाहेर गेली. त्यांच्यासाठी शहराच्या कडेला वाहनतळ करण्यात आले. ‘मेट्रोमिनुतो’ हा नकाशा तर भुयारी रेल्वेच्या नकाशासारखाच दिसतो. मात्र त्यात दोन ठिकाणांमधले अंतर पायी चालण्याच्या मिनिटांत दिलेले असते.

पुण्यानेही या दिशेने पावले टाकली आहेत. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ आणि बसण्याच्या जागा आल्या. ११ डिसेंबर २०२१ रोजी ‘पादचारी दिना’निमित्त लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवण्यात आला. परंतु दुसऱ्या दिवशी वाहने परतली. देखणा पदपथही त्यावर दुचाकी चढू लागली की केवळ शोभेचा उरतो.

पोन्तेवेद्रात आधी वाहतुकीचा निर्णय झाला आणि त्याला साजेशी फरसबंदी आली. तो क्रम उलटला, तर खर्च होतो, छायाचित्रे निघतात. रस्ता ओलांडणारे आजोबा मात्र कडेलाच उभे राहतात.