लिहा, आणि लिहून घ्या
लेखणी हाती घेऊ पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी

पनवेल परिसरातल्या मराठी बोलणाऱ्या मुस्लिम घरांत अलीकडे एक नवा प्रश्न ऐकू येतो. मुलगा म्हणतो, मला मालिकेसाठी लिहायचे आहे. मुलगी म्हणते, माझी कथा मोबाइलवरच्या एका ॲपवर लोक वाचतात आणि आता त्यांना ती विकत हवी आहे. आईवडील गोंधळतात. हा धंदा हलाल रोजी देईल का? त्यात शिरायचे कुठून? ओळखपाळख तर कुणाचीच नाही. मग बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते, ‘आधी परीक्षा दे, मग बघू.’

परीक्षा तर द्यायलाच हवी. पण ‘मग बघू’ म्हणून विषय मिटत नाही. लिहिणारे मूल लिहितेच. फरक इतकाच पडतो की ते घरच्यांशी सल्लामसलत न करता लिहिते आणि घरच्यांना न विचारता सही करते. म्हणून या महिन्यात आम्ही हा विषय घेतला आहे.

मराठी आपल्याला परकी नाही

मुस्लिम घरातून मराठी लेखक कसा होईल, ही शंका आधी दूर करू. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. बार्शीचे अमर शेख यांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदाने भरली. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण होते. त्याच वर्षी सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. ही चळवळ पुढे गावोगाव फिरली आणि २०१७ साली पनवेललाही आली. तेव्हा वाट आहे आणि आपल्या माणसांनी ती चालून दाखवली आहे. बदलले आहेत ते वाटेवरचे नाके.

पूर्वी दार एक, आता दारे अनेक

पूर्वीची रीत सरळ होती. मासिकाकडे कथा पाठवायची आणि वाट पाहायची. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून दिवाळी अंक हे नव्या लेखकाचे मोठे दार झाले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई याच मासिकांच्या वाटेने कथाकार म्हणून पुढे आले आणि १९६५ साली त्यांची ‘इंधन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. त्यांच्या नंतरच्या सामाजिक भूमिकेशी आपल्यातील अनेकांचे तीव्र मतभेद आहेत. पण कोकणातले मुस्लिम गाव मराठी कादंबरीत त्यांनी आणले, ही वाङ्मयाच्या इतिहासातली नोंद आहे.

त्या काळी दार अरुंद होते, पण दारामागे एक माणूस बसलेला असे. ‘सत्यकथे’चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाला पत्र लिहून कथेत काय जमले, काय राहिले ते कळवत. कथा परत येई, पण तिच्यासोबत शिकवणही येई. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडले. आज दारे पुष्कळ उघडली आहेत, मात्र बहुतेक दारांमागे असा माणूस नाही. प्रतिलिपीवर कुणालाही कथा टाकता येते. कुणी अडवत नाही आणि कुणी दुरुस्तही करत नाही. आजच्या नव्या लेखकाची खरी अडचण ही आहे. त्याला आपला संपादक आणि आपला मुनीम, दोन्ही स्वतःच व्हावे लागते.

कोणते दार कोणासाठी

पहिले दार छापील. दिवाळी अंकांचे काम पावसाळ्याच्या आधीपासूनच सुरू होते, म्हणून गणपतीनंतर पाठवलेली कथा बहुधा त्या वर्षी लागत नाही. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. मंडळ ठरावीक मुदतीत हस्तलिखिते मागवते आणि निवड झाल्यास प्रकाशनाला अनुदान देते. त्यासाठी कुणाची शिफारस लागत नाही, लागते ते पूर्ण झालेले हस्तलिखित.

इथेच एक इशारा. पूर्वी मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची असे. आता डिजिटल छपाईमुळे शंभर-दोनशे प्रतीही निघतात. त्यामुळे लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक छापून देणारे पुष्कळ झाले आहेत. स्वखर्चाने पुस्तक काढणे हा गुन्हा नाही. पण ते छपाईचे काम आहे, प्रकाशन नव्हे, हे समजून पैसे द्यावेत. ‘आयएसबीएन क्रमांकाची फी’ म्हणून कुणी वेगळे पैसे मागितले तर विचारा, कारण भारतात हा क्रमांक सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो.

दुसरे दार रंगमंचाचे आणि ते पनवेलकरांच्या अगदी घराजवळ आहे. शिरढोणच्या सुपुत्राचे नाव असलेल्या आद्यक्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात अटल करंडक ही राज्यस्तरीय एकांकिका स्पर्धा होते. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक, मुंबईची सवाई, सरकारची राज्य नाट्य स्पर्धा ही पुढची ठाणी. आज मराठी मालिका आणि चित्रपट लिहिणाऱ्यांतले कितीतरी जण एकांकिकेतून आलेले आहेत. याचे कारण साधे आहे. एकांकिकेला नेपथ्य थोडे, पैसा थोडा, पण संहिता नवी लागते. कॉलेजच्या संघाला लेखक हवाच असतो. शिवाय लेखकाला आपले वाक्य प्रेक्षकांसमोर पडताना ऐकता येते. कुठे हसू आले, कुठे खुर्च्या वाजल्या, हे कोणताही शिक्षक इतक्या स्पष्टपणे सांगत नाही. शफाअत खान यांचे उदाहरण समोर आहे. प्रायोगिक रंगभूमीवरून आलेल्या या नाटककाराने ‘मुंबईचे कावळे’, ‘शोभायात्रा’, ‘राहिले दूर घर माझे’ अशी नाटके मराठीला दिली. फाळणीवर त्यांनी लिहिले, तसेच राजकारणावर आणि शहरी माणसावरही. मुस्लिम लेखकाने फक्त मुस्लिमांवरच लिहावे, अशी अट कुणी घातलेली नाही.

तिसरे दार कानाचे. २०१७ साली स्टोरीटेल भारतात आले तेव्हा त्यांनी पहिल्यापासून मराठी घेतली. त्यानंतर ऐकायच्या गोष्टींची आणखी ॲप आली. ऐकण्याच्या कथेची मागणी वेगळी असते. वाक्य लहान, पात्रांची नावे पुन्हा पुन्हा घेतलेली, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी पुढे काय, ही ओढ. ज्या घरात दादी-नानीने रात्री किस्से सांगितले, त्या घरातल्या मुलांना ही कला अर्धी अवगत असते. बाहेर जाणे शक्य नसलेल्या मुलींना आणि सुनांनाही हे काम घरी बसून करता येते.

चौथे दार मालिका आणि ओटीटीचे. इथे एकटा लेखक नसतो. मराठी मालिकेची श्रेयनामावली नीट वाचा. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. नवख्याला बहुधा संवादापासून किंवा मुख्य लेखकाचा सहायक म्हणून सुरुवात मिळते. रोज भाग जायचा असतो, म्हणून आज सांगितलेले उद्या सकाळी हवे असते. प्रतिभेइतकीच इथे वेळ पाळण्याची किंमत आहे. अंधेरीतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासदत्व नवख्यांनाही घेता येते आणि सभासदाला आपली संहिता तिथे ऑनलाइन नोंदवता येते. पनवेलहून अंधेरीला जाणे आता काही परदेशी जाण्यासारखे राहिलेले नाही.

आपल्याकडे लिहायला काय आहे?

पडद्यावरचा मुसलमान आठवून पाहा. बऱ्याचदा तो कव्वाली म्हणतो, बिर्याणी खिलवतो, किंवा पोलिसांपासून पळतो. मराठी मालिकेत आला तर मोडके हिंदी बोलतो. रायगड-रत्नागिरीतली आपली कितीतरी घरे पिढ्यान्‌पिढ्या मराठीच्या कोकणी बोलीत भांडतात आणि त्याच बोलीत समजूतही काढतात, हे पडद्याला ठाऊकच नाही. जहाजावर नोकरी करणारे आजोबा, कुवेतहून येणारे पैसे आणि न येणारा माणूस, पहाटे सहरीला उठवणारी अम्मी, जमीन विकून आलेल्या पैशांवरून दुरावलेले दोन भाऊ, हिंदू शेजारणीकडे जाणारे शीरखुर्म्याचे पातेले आणि तिकडून येणारे फराळाचे ताट. या गोष्टी मुंबईत बसलेला निर्माता कल्पनेने लिहू शकत नाही. आपण लिहिल्या नाहीत तर आपल्याविषयी दुसरेच कुणीतरी लिहील आणि आपण फक्त तक्रार करत राहू.

हे लिहिताना घर गोड-गोड दाखवण्याची गरज नाही. घरातला अन्याय दिसला तर तोही लिहावा. मात्र कुणाची अब्रू चव्हाट्यावर आणू नये. गीबत कथेच्या वेषात आली तरी गीबतच राहते. आणि जे काम मनाला पटत नाही, ते नम्रपणे नाकारता येते. लेखकाचा ‘नाही’ हाही त्याच्या इमानाचा भाग आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे : लिहून घ्या

पवित्र कुरआनातली सर्वांत लांब आयत कशाविषयी आहे, हे आपल्या मुलांना विचारून पाहा. सूरह बकरातली ती २८२वी आयत मुदतीच्या देण्याघेण्याची लिखापढी करण्याविषयी आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नका, साक्षीदार ठेवा, अशी तिची शिकवण आहे. किराणा दुकानाच्या उधारीला आपण ती लावतो. मग कथेच्या व्यवहाराला का लावू नये?

देशाचा कायदाही हेच सांगतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. २०१२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तिच्यासाठी जोरदार बाजू मांडली होती. चित्रपटात वापरलेले लेखन चित्रपटगृहाबाहेर इतर मार्गांनी वापरले गेले, तर त्या मानधनातला समान वाटा लेखकाचा राहतो आणि तो निर्मात्याच्या नावे सोडून देता येत नाही, अशी तरतूद त्यात आली. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हते, त्याचे हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय जात नाहीत, हेही तेव्हाच ठरले.

एक जुना खटला प्रत्येक नव्या लेखकाला माहीत हवा. आर. जी. आनंद यांनी ‘हम हिंदुस्तानी’ नावाचे नाटक लिहिले. चित्रपट काढू इच्छिणाऱ्या मंडळींना त्यांनी ते ऐकवले. पुढे १९५६ साली ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला आणि आनंद यांना वाटले, ही तर आपलीच गोष्ट. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७८ साली निकाल त्यांच्याविरुद्ध लागला. कल्पनेवर कुणाचा मालकी हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो, आणि इथे मांडणी वेगळी आहे, असे न्यायालयाने म्हटले. यातून आपण काय घ्यावे? चहाच्या टपरीवर सांगितलेली कल्पना आपली राहत नाही. आधी ती प्रसंग, पात्रे, संवादांसह पूर्ण लिहा. मग नोंदवा. मग ऐकवा. कॉपीराइट नोंदणीशिवायही असतो, पण पुरावा म्हणून नोंदणी उपयोगी पडते आणि साध्या साहित्यकृतीसाठी तिची सरकारी फी ५०० रुपये आहे. संहिता ईमेलने पाठवा, म्हणजे तारीख राहते.

सहीपूर्वी पाच प्रश्न विचारावेत. कोणते हक्क देतो आहे : छापील, ऐकण्याचे, चित्रपटाचे की सगळेच? किती वर्षांसाठी? पैसे किती आणि कोणत्या तारखेला? श्रेयनामावलीत माझे नाव येणार का? काम थांबले तर संहिता मला परत मिळणार का? ॲपवर ‘मान्य आहे’ हे बटण दाबणे हीदेखील सहीच असते, हे मुलांना समजावून सांगा. करार इंग्रजीत असेल तर ओळखीच्या वकिलाकडून वाचून घ्या. ‘एवढा विश्वास नाही का?’ असे समोरचा म्हणाला, तर सांगावे की विश्वास आहे, म्हणूनच लिहून ठेवू.

आईवडिलांना विनंती

मूल लिहिते म्हणून लगेच नोकरी सोडू देऊ नका. पहिली काही वर्षे लेखनावर घर चालत नाही. शिक्षक, बँकेतला कारकून, दवाखान्यातली परिचारिका राहूनही लिहिता येते. पण लिहिण्याला रिकामटेकडेपणाही म्हणू नका. पनवेलच्या के. गो. लिमये सार्वजनिक वाचनालयासारख्या जवळच्या वाचनालयाचे सभासदत्व घेऊन द्या. आठवड्यातून एक संध्याकाळ तिचे लिखाण ऐका. समजले नाही तर तसे सांगा. ज्या दारामागे आता संपादक बसत नाही, तिथे पहिला वाचक घरातूनच मिळायला हवा. आणि करार आला की अब्बूंनी चष्मा लावून तिच्या शेजारी बसावे.

प्रेषित (स.) यांच्यावर अवतरलेला पहिला आदेश वाचण्याचा होता आणि त्याच आयतींत लेखणीचा उल्लेख आहे. ती लेखणी आपल्या मुलामुलींच्या हाती शोभेल, इन्शाअल्लाह. मात्र एका हातात लेखणी असताना दुसऱ्या हातात कराराची प्रत असू द्या.