चिलखताखालची चड्डी

सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्याजवळ ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिजखान यांची गाठ पडली. मुबारिजखान मारला गेला आणि दख्खनवर निजामाचा अंमल पक्का झाला. त्या काळच्या स्वाराचे चिलखत आज संग्रहालयात दिसते. त्याखाली घालायचा जाडसर कपडा मात्र क्वचितच टिकला. खरे तर त्याचे काम चिलखताइतकेच मोलाचे. कड्यांचे चिलखत पाते अडवते, पण लवचीक असल्यामुळे घावाचा दणका थेट हाडापर्यंत जाऊ देते. तो दणका जिरवायला खाली कापूस लागतो. आता कापसाच्या वऱ्हाडात भरायला कापूस कमी पडला नसता. पण लढाईचा कपडा गादीसारखा केला, तर स्वार खोगिरावर नीट बसणार कसा?

हाच प्रश्न आज बुहुर्त खेळणाऱ्यांपुढे आहे. पोलादी चिलखत घालून, बोथट शस्त्रांनी खरोखर झुंजायचा हा खेळ; २०१० साली युक्रेनमधल्या खोतिन किल्ल्यात त्याची पहिली ‘बॅटल ऑफ द नेशन्स’ स्पर्धा झाली. सांघिक लढतीत पायांखेरीज शरीराचा तिसरा भाग जमिनीला टेकला, की खेळाडू त्या फेरीतून बाद. त्यामुळे अर्धा खेळ पाडापाडीचा, म्हणजे कुस्तीचाच, फक्त अंगावर लोखंडाचे ओझे आणि खाली आखाड्याची मऊ माती नाही. पडताना आधी आपटतो खुबा किंवा माकडहाड. मांडीवर पुढून आणि बाजूने पत्रा असतो. मागची बाजू आणि बैठक बहुधा उघडी, कारण चिलखताची ही घडण मुळात घोडेस्वारासाठी झाली. पॅडवाल्या चड्डीचे खरे काम तिथे आहे, आणि माझ्या मते ती चड्डी पातळच हवी.

यावर पहिला आक्षेप विज्ञानाचा, आणि तो रास्त आहे: थर जाड असेल तर धक्का अधिक अंतरात जिरतो, म्हणजे हाडावर जोर कमी येतो. पण हे एकाच प्रतीच्या फोमबद्दल खरे. मऊ स्पंज कितीही फुगीर दिसला, तरी जोराच्या आदळीत पार चेपतो आणि मग असून नसल्यासारखा. म्हणून मोटरसायकलस्वारांच्या खुबा-गुडघ्याच्या पॅडसाठी असलेले ‘ईएन १६२१-१’ हे युरोपीय मानक जाडी मोजत बसत नाही, पलीकडे पोचणारा जोर मोजते. ५० ज्यूलच्या आघाताला सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत राहिले तर पहिली पातळी, २० च्या आत राहिले तर दुसरी. दुकानात बोटाने दाबून पाहण्यापेक्षा हा आकडा विचारावा. शिवाय पत्र्याखाली जाड गादी आली, की मांडीचा पत्रा बाहेर ढकलला जातो, त्याचे पट्टे ताणतात, जांघेत घडी अडकते आणि पाय उचलायला उशीर होतो. पाय उशिरा उचलला की तोल गेलाच, म्हणजे ज्या पडण्यासाठी गादी घातली तेच पडणे वाढले.

दुसरा आक्षेप खिशाचा: क्रिकेटचे थाय पॅड गावोगाव मिळते, ते का नको? ते फलंदाजाकडे येणाऱ्या चेंडूसाठी बेतलेले. माकडहाडाला त्याचा काही उपयोग नाही. फुटबॉलच्या गोलरक्षकाची पॅडवाली चड्डी अधिक जवळची, कारण ती बाजूवर पडण्यासाठीच असते. मागे वेगळे पॅड शिवून घेतले की भागते. जांघेसाठी कडक गार्ड मात्र स्वतंत्रच लागतो, ते काम फोमचे नव्हे. राहिला उकाडा. बुलढाणा शहर घाटावर आहे म्हणून थोडे सुसह्य, पण घाटाखाली मलकापूर-खामगावकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. तिथे कापूस भरलेली चड्डी घामाने जड होते आणि लवकर वाळत नाही. पाणी न शोषणारा बंद पेशींचा फोम, तोही सलग नव्हे तर तुकड्यातुकड्यांनी, मधे जाळीचे कापड आणि पॅड काढून धुता येतील असे खिसे, एवढे पाहिले तरी पुरे. घेताना नुसती कंबर मोजून भागत नाही. वरून चिलखत चढवून पूर्ण उकिडवे बसता आले पाहिजे. आणि चिलखत अजून बनवून घ्यायचे असेल, तर चड्डी आधी घ्यावी आणि ती घालूनच लोहाराला माप द्यावे.