खाज गाजर गवताची, खापर वांग्यावर!

भर मे महिन्यात एक शेतकरी पत्नीसह दवाखान्यात आले. वय पन्नाशीच्या पुढे. ऊन मी म्हणत होते, तरी या गृहस्थांनी उपरण्याने डोके, कान, तोंड सारे झाकून घेतले होते. बाकावर त्यांच्या शेजारी बसलेले दोघे जण हळूच उठून पलीकडे जाऊन बसले. ते त्यांच्याही लक्षात आले असावे, कारण आत येताना त्यांनी उपरणे आणखी घट्ट केले.

त्यांनी उपरणे सोडले तेव्हा त्या दोघांच्या उठून जाण्याचे कारण समजले. चेहऱ्याची कातडी काळवंडून जाड झालेली, कपाळावर आडव्या घड्या पडलेल्या, कानाच्या पाळ्या सुजलेल्या, मानेवर ओरखडेच ओरखडे. पिशवीतून चार वर्षांचे कागद निघाले. पण मी ते उघडण्याआधीच बाईंनी विचारले, "डॉक्टरसाहेब, एकदा खरं काय ते सांगून टाका. ह्यांना महारोग झालाय का? मुलीचं बघायचं चाललंय. पाहुणे येतात, ओसरीवर ह्यांना बघतात आणि चहा न घेताच उठतात."

त्यांना महारोग नव्हता. त्यांना होती गाजर गवताची अ‍ॅलर्जी. आपल्या जिल्ह्यात बांधाबांधावर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानात वाढणाऱ्या त्या पांढऱ्या फुलांच्या झुडपाचे वावडे! पण एवढे एक वाक्य ऐकायला त्यांना चार वर्षे लागली. असे का व्हावे, हाच आजच्या लेखाचा विषय.

चार वर्षांची पायपीट

पहिल्या वर्षी मानेवर आणि कोपराच्या लवणीत खाज सुटली, तेव्हा नायटा म्हणून मलम मिळाले. दुसऱ्या वर्षी पापण्या सुजल्या, तेव्हा 'उन्हाची अ‍ॅलर्जी' असे निदान झाले. तिसऱ्या वर्षी कोणी सांगितले, रक्त खराब झाले आहे, पथ्य करा. झाले! वांगी बंद, अंडी बंद, तुरीची डाळ बंद, आंबट बंद. शेवटी काही हजार रुपये खर्चून रक्ताची अ‍ॅलर्जी तपासणी झाली. तिच्या यादीत शेंगदाणे आणि दूधही निघाले. तेही बंद. माणूस वाळला, खाज मात्र तशीच राहिली.

या सगळ्या काळात एका ट्यूबने त्यांना 'हमखास गुण' येत होता. औषधाच्या दुकानातून स्वतःच आणलेली ती ट्यूब होती तीव्र स्टेरॉइडची. दोन दिवसांत खाज थांबे, आठवड्याने दुप्पट जोराने परत येई. चार वर्षे हे मलम चेहऱ्याला चोळल्याने जिथे कातडी जाड झाली नव्हती, तिथे ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती.

मी त्यांना तीनच प्रश्न विचारले. त्रास कोणत्या महिन्यात वाढतो? पहिली दोन वर्षे पावसाळ्यात येई, दिवाळीनंतर ओसरे. आता बारमाही आहे. काम कोणते करता? शेती, तण काढणे, बांध साफ करणे. मधे कधी बरे वाटले होते का? यावर ते म्हणाले, "नाही." पण बाई म्हणाल्या, "असं कसं? मुंबईला थोरल्याकडे पंधरा दिवस राहिलात, तेव्हा झोप लागत होती की! सगळे म्हणाले, तिकडचं पाणी मानवलं."

मुंबईचे पाणी मानवले नव्हते. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत गाजर गवताचा वारा पोहोचत नव्हता, इतकेच.

पाहुणा आला आणि मालक झाला

हे गवत आपले नव्हे. खरे तर ते गवतही नव्हे. सूर्यफुलाच्या कुळातले झुडूप आहे. मूळचे अमेरिका खंडातले. भारतात ते १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेस आले. पी.एल. ४८० कराराखाली आलेल्या अमेरिकन गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. 'काँग्रेस गवत' आणि 'चटक चांदणी' ही त्याचीच नावे. एक झाड हजारोंनी बी टाकते, जनावरे त्याला तोंड लावत नाहीत, आणि पडीक जमीन आपल्याकडे भरपूर. मग ते देशभर पसरले नसते तरच नवल! या गवताने होणाऱ्या त्वचारोगाच्या देशातल्या सुरुवातीच्या नोंदीही पुण्याच्या डॉक्टरांनीच १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७० च्या दशकात केल्या. म्हणजे रोग आपल्या राज्याला पन्नास वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. तरीही तो ओळखू येत नाही.

ओळखू का येत नाही?

पहिले कारण असे, की हा रोग गवताला हात न लावताही होतो. झाडावरच्या बारीक केसांत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. झाड वाळले की त्याचा चुरा, केस आणि धूळ वाऱ्यावर उडतात आणि उघड्या अंगावर बसतात. त्यामुळे 'मी गवताला शिवतच नाही' असे सांगणाऱ्यालाही तो होऊ शकतो.

दुसरे कारण, अ‍ॅलर्जी पहिल्या भेटीत होत नाही. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे संपर्क आल्यावर शरीरातल्या संरक्षक पेशी त्या द्रव्याला शत्रू मानू लागतात. त्यानंतर थोडासा संपर्कही पुरतो. म्हणून 'वीस वर्षे हाताने उपटतोय, तेव्हा कुठे काही झालं?' हा युक्तिवाद फसवा आहे.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. संपर्कानंतर पुरळ लगेच येत नाही. सहसा एक-दोन दिवसांनी येते. सोमवारी बांध साफ केला, बुधवारी खाज सुटली. आता माणूस सोमवार आठवणार की मंगळवारी रात्रीची वांग्याची भाजी? आपल्याकडे दोष नेहमी ताटाला दिला जातो, वाऱ्याला कोणी देत नाही.

ओळखावा कसा?

वाऱ्यावरून येणारे कण जिथे साचतात तिथे हा रोग प्रथम दिसतो: वरच्या पापण्या, कानामागची जागा, हनुवटीखाली, मानेच्या बाजू, कोपराची आणि गुडघ्यामागची लवण. नुसत्या उन्हाने होणाऱ्या त्रासात वरच्या पापण्या, कानामागची आणि हनुवटीखालची सावलीतली जागा बहुधा सुटते. आरशासमोर उभे राहून एवढे पाहिले तरी डॉक्टरांना सांगण्यासारखे पुष्कळ हाती लागते. रोग जुना झाला की मात्र ऊनही सोसेनासे होते, दोन्ही चित्रे एकमेकांत मिसळतात आणि भले भले फसतात.

उघड्यावर काम करणाऱ्या प्रौढ माणसांत, विशेषतः पुरुषांत, हा रोग अधिक दिसतो. एकाच घरात एकाला होतो आणि बाकीच्यांना काही होत नाही. तो संसर्गजन्य नाही. भांडी, कपडे, अंथरूण वेगळे करण्याची गरज नाही.

महारोगाच्या, म्हणजे कुष्ठरोगाच्या, शंकेबद्दल थोडे. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत नाही. उलट तिथली संवेदना कमी होते. गाजर गवताचा रोगी खाजवून हैराण असतो. तरीही हा निवाडा घरी करू नये. शंका असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे. कुष्ठरोगही औषधाने पूर्ण बरा होतो आणि त्याचे उपचार सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. लपवण्यासारखे दोन्हीकडे काही नाही.

तपासणी कोणती?

या रोगाची तपासणी रक्ताची नसून पाठीवरची आहे. तिला पॅच टेस्ट म्हणतात. गाजर गवताचा आणि इतर संशयित द्रव्यांचा सौम्य अर्क छोट्या चकत्यांत घेऊन त्या पाठीवर चिकटवतात. दोन दिवसांनी काढून जागा पाहतात आणि पुन्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाहतात. जिथे लाली आणि पुरळ उठते, ते द्रव्य दोषी. या काळात पाठ भिजवायची नाही, घाम येईल असे काम करायचे नाही. अंगावर पुरळ ऐन भरात असताना ही तपासणी करत नाहीत. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे, नाहीतर उत्तर चुकते. वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत आणि अनेक त्वचारोगतज्ज्ञांकडे ही सोय असते.

मग रक्ताच्या तपासणीत शेंगदाणे कसे निघाले? ती तपासणी गांधी उठणे, शिंका, दमा अशा तत्काळ होणाऱ्या अ‍ॅलर्जीसाठी असते. उशिरा होणाऱ्या अ‍ॅलर्जीचे उत्तर ती देत नाही. शिवाय यादीत नाव आले म्हणजे तो पदार्थ बाधतोच असे नव्हे.

एक ताकीद: गवताचे पान अंगावर चोळून घरच्या घरी परीक्षा पाहू नये. मोठे फोड येतात आणि ज्याला अ‍ॅलर्जी नाही त्यालाही ती जडू शकते.

उपचार आणि पथ्य

ही अ‍ॅलर्जी मुळापासून घालवणारे औषध आज नाही. पण रोग पूर्ण काबूत ठेवता येतो. भर ओसरण्यासाठी स्टेरॉइडचे मलम लागते. चेहऱ्याला सौम्य आणि मोजक्या दिवसांपुरते. त्रास फार असेल तर थोड्या काळासाठी गोळ्या देतात. जुनाट रोगात अ‍ॅझाथायोप्रिन किंवा मेथोट्रेक्सेट यांसारखी औषधे वापरतात. त्यांचा गुण दिसायला कित्येक आठवडे लागतात आणि ती चालू असताना रक्तातल्या पेशी व यकृत वेळोवेळी तपासावे लागते. मेथोट्रेक्सेट या रोगात आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतू शकते. आणि 'एक सुई मारा, खाज थांबवा' असा हट्ट डॉक्टरांकडे धरू नये. अशी स्टेरॉइडची इंजेक्शने वारंवार घेतल्याने साखर, रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात.

पथ्य ताटातले नाही, अंगणातले आहे. रोग्याने गाजर गवत स्वतः उपटू नये; हे काम घरातल्या दुसऱ्या कोणी हातमोजे घालून, फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना मुळासकट करावे. काढलेले गवत घराजवळ वाळू देऊ नये किंवा जाळू नये. वाळलेल्या चुऱ्यातही दोष असतोच. शेतात पूर्ण बाह्यांचे कपडे आणि तोंडाला फडके असावे. घरी येताच आंघोळ करून कपडे बदलावे, कपडे कुंपणावर वाळत घालू नयेत, पावसाळ्यात अंगणात झोपू नये. उन्हात छत्री वापरावी. शेवंती त्याच कुळातली असल्याने तिचे हारही जपून हाताळावेत.

पण एकट्याने बांध साफ करून भागत नाही, कारण वारा शेजारच्या पडीक रानातूनही येतो. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला देशभर गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. गाव सगळे मिळून त्या आठवड्यात पडीक जागा, शाळा आणि रस्त्याच्या कडा साफ करू शकते. या गवताची पाने खाणारा मेक्सिकन भुंगा भारतात १९८४ पासून सोडला जात आहे. तो दिसला तर त्यावर फवारणी करू नये. मोकळ्या झालेल्या जागी टाकळा वाढू दिला तर तो गाजर गवताला दाबतो.

त्या गृहस्थांची पॅच टेस्ट झाली. गाजर गवताच्या चकतीखाली फोड उठले, बाकी पाठ स्वच्छ. औषध चालू होऊन आठ महिने झाले आहेत. कपाळाच्या घड्या पुष्कळ विरल्या. खाज पूर्ण गेलेली नाही, पण रात्री झोप लागते. तण काढायचे काम मुलाने घेतले आहे. मुलीचे अजून जमलेले नाही. मात्र आता पाहुणे आले की ते उपरणे न घेता ओसरीवर बसतात आणि कोणी विचारलेच तर रोगाचे नाव सांगतात.

गेल्या खेपेला निघताना दारात थांबून त्यांनी विचारले, "साहेब, वांगं खाल्लं तर चालेल का?"

मी म्हटले, "भरलं वांगं खा. चार वर्षांचं राहिलंय!"